गणिताचं पद भरलेलं आहे

लोकशाहीत प्रश्न विचारण्याइतकं पवित्र काम दुसरं नाही. लोकप्रतिनिधी जागा राहून प्रश्न विचारतो, म्हणूनच जनता निर्धास्त झोपू शकते.

ही वाक्यं माझी नाहीत. आमच्या गावच्या सरकारी हायस्कुलात आमदारांचा सत्कार झाला, तेव्हा लावलेल्या फलकावर ती होती. फलक एवढा मोठा होता की दहावीच्या वर्गाच्या दोन्ही खिडक्या त्याच्यामागे गेल्या आणि पोरांना भरदिवसा दिवे लावून बसावं लागलं. सत्कार कशाचा, तर अधिवेशनात मंत्र्यांना भरमसाट लेखी प्रश्न विचारल्याचा. त्यातला एक प्रश्न मी लिहिलेला होता आणि तो नेमका त्या अंधारलेल्या वर्गाबद्दलच होता.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, अनसिंगच्या अलीकडे. मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो आणि पुस्तकांच्या पेट्या घेऊन गावी परतलो. शेजारी अंगणवाडीत मदतनीस असलेली एक बाई राहते. तिचा नवरा पुण्याकडे सेंट्रिंगच्या कामावर असतो आणि दोन मुलींचं ती एकटी बघते. थोरली तेव्हा दहावीत होती, धाकटी नववीत. थोरलीने एकदा सरकारी दवाखान्यात रक्त तपासणारी मुलगी पाहिली होती. सुई टोचताना आजीबाईंशी गप्पा मारणारी, पांढऱ्या कोटातली. तेव्हापासून हिचं ठरलेलं होतं. ते काम शिकायला अकरावीला विज्ञान हवं, विज्ञानाला प्रवेश मिळायला दहावीला बरं गणित हवं, आणि गणिताला शिक्षक हवा. इथपर्यंत काहीच अवघड नव्हतं, कारण शिक्षक होता.

मूळचे रिसोडकडचे हे गुरुजी पोरांना आवडायचे. पण शाळा उघडून महिना झाला नाही तोच ते गेले. त्यांची बदली झाली नाही, ते आजारीही पडले नाहीत. त्यांची प्रतिनियुक्ती झाली. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही ते सुखी लोक आहेत. प्रतिनियुक्ती म्हणजे माणसाचं नाव शाळेच्या फलकावर, पगार शाळेच्या नावावर आणि माणूस वरच्या कुठल्यातरी कार्यालयात. मुख्याध्यापक इतिहासाचे होते. गणिताच्या तासाला ते गाइडातली सोडवलेली उदाहरणं फळ्यावर उतरवायचे, आणि पोरं फळ्यावरून वहीत.

एका संध्याकाळी शेजारीणबाई ताटलीत गरम भाकरी आणि ठेचा घेऊन आली. आमच्याकडे मागणं रिकाम्या हाताने मांडत नाहीत.

"सर, तुमी एवढाली पुस्तकं वाचता. पोरीले गनित शिकवा ना."

मी बसलो. वर्गसमीकरण होतं. अर्धा तास मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने माझ्याकडे. शेवटी थोरलीनेच हळूच विचारलं, "सर, हे तुमाले येत नाई ना?"

"नाही."

"राहू दे माय," तिची आई तिला म्हणाली, "सरच रडतीन आता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जो आमदाराच्या मांगं फायली घेऊन फिरते, थो तुमचाच इद्यार्थी होय ना? त्याले सांगा. इचारा म्हना सरकारले, आमचा मास्तर कायले नेला."

वाशिमला शिकवणी होती. पण ती सुटायच्या आत गावाकडची शेवटची जीप निघून जायची. दुसरा रस्ता नव्हता, म्हणून मी आमदारांच्या स्वीय सहायकाकडे गेलो. हा माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. आता लोक त्याच्यासमोर उभे असतात. मला पाहून मात्र तो उठला, पाया पडला आणि म्हणाला, "सर, देवासारखे आलात! नागपूरचं अधिवेशन आलं. साहेबांना या वेळी प्रश्नांचा पाऊस पाडायचा आहे, आणि माझं मराठी तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"मग लिहा ना सर. आणि एकटाच कशाला, चारपाच लिहा. विषय कोणतेही चालतील."

मी एकच लिहिला. या प्रश्नांची एक ठरलेली चाल असते. अमुक ठिकाणी अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? ही चाल कोणी बसवली देव जाणे, पण तिच्यात एक सोय आहे. पहिल्या कलमाला "हे खरे नाही" म्हटलं की बाकीची कलमं आपोआप मरतात. मला हे तेव्हा कळलं नाही. आमच्या हायस्कुलात गणिताचं पद रिक्त असल्याने मुलांचं नुकसान होत आहे, किंबहुना त्यांचं पुढचं शिक्षणच धोक्यात आलं आहे, हे खरे आहे काय, असं मी लिहिलं. स्वीय सहायकाने ते मोठ्याने वाचलं आणि डोळे पुसल्यासारखं केलं. तेवढं नाटक त्याला शाळेपासून येतं.

माघात उत्तर आलं. स्वीय सहायकाने मोबाइलवर फोटो पाठवला, खाली हात जोडल्याचं चित्र. मंत्रिमहोदयांचं उत्तर असं:

(१) हे खरे नाही. सदर पद भरलेले आहे.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

मी ते शेजारीणबाईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

"प्रश्न उद्भवत नाई म्हंजे काय जी?"

"म्हणजे अडचणच नाही, असं सरकार म्हणतं."

"मंग माही पोरगी काहून रडून राह्यली? याइले इचारून रडाव लागते का?"

उत्तरात एकही अक्षर खोटं नव्हतं. पद भरलेलं होतं, वर्ग रिकामा होता. सरकारने पदाबद्दल सांगितलं, कारण मी पदाबद्दल विचारलं होतं. इतक्या स्वच्छ हाताने केलेली फसवणूक मी जन्मात पाहिली नव्हती, आणि मी कॉलेजातल्या पदोन्नत्या जवळून पाहिलेल्या आहेत.

यावर कडी पुढे झाली. मुख्याध्यापकांनी गावातलीच एक बीएस्सी झालेली सून तासावर शिकवायला तयार केली होती. तिच्या मंजुरीचा कागद वर गेलेला होता आणि परवानगी येईल असं सगळ्यांना वाटत होतं. तो कागद परत आला. शेरा होता: सदर पद भरलेले असल्याचे सभागृहास कळविण्यात आलेले आहे, सबब मागणी अमान्य. म्हणजे आता शिक्षक देणं हा मंत्र्यांचा अपमान झाला असता. प्रश्न विचारायच्या आधी पोरांना गणित शिकायची थोडी आशा होती. ती आम्ही विचारून घालवली.

मी तडक जिल्ह्याच्या गावी गेलो. गुरुजी ज्या कार्यालयात होते ते शोधून काढलं. जिन्यावर पानाच्या पिचकाऱ्या, वर लांबच लांब खोली, आणि खोलीत टेबलांवर टेबलं. कोपऱ्यातल्या टेबलावर गुरुजी संगणकावर टाइप करत होते. मला पाहून उठले, खुर्ची दिली, चहा मागवला. आतून तडकलेलो असताना समोरच्याने चहा मागवला की फार पंचाईत होते.

"गुरुजी, इथे करता काय तुम्ही?"

"उत्तरं लिहितो सर."

"कसली?"

"विधानसभेतल्या प्रश्नांची. आमदार सभागृहात विचारतात, तिथून मंत्रालय, तिथून खाली, अजून खाली, आणि शेवटी या टेबलावर. आम्ही लिहिलं की तसंच वर जातं. वर कोणाला वेळ असतो?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे आपल्या शाळेचं उत्तर?"

"मीच लिहिलं." ते ओशाळले नाहीत, ताठलेही नाहीत. "वाचल्याबरोबर तुमचा प्रश्न ओळखला मी. 'किंबहुना' इकडे कोण लिहितं, सर?"

"आणि तुम्ही लिहिलंत, पद भरलेलं आहे!"

"मग काय लिहू? मी आहे ना त्या पदावर. पगार तिथूनच होतो. रिक्त लिहिलं तर उद्या माझा पगार कुठून निघेल?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "सर, मला कोणी विचारून नेलं का? टायपिंग येतं, तक्ते बिनचूक करतो, हाच माझा गुन्हा. आठ दिवसांसाठी म्हणून आणलं होतं. पण प्रश्न थांबतच नाहीत. एक अधिवेशन संपलं की दुसऱ्याची तयारी. आपल्या आमदारांचेच ढीगभर असतात. ते जितके विचारतात, तितके आम्ही इथे अडकतो."

समोरच्या माणसावर ओरडावं म्हणून मी जीप बदलत वाशिमला आलो होतो आणि ओरडायला माणूसच सापडेना. गुरुजी म्हणत वरच्यांचा आदेश. वरचे म्हणणार अधिवेशनाचं काम. आमदार म्हणणार मी तर विचारलं. मंत्री म्हणणार मला खालून जे आलं ते मी वाचलं. सगळे कर्तव्य बजावत होते. लबाड माणसाचा मला इतका संताप येत नाही. लबाड माणूस निदान पकडला जाण्याला भितो. हे लोक भीत नव्हते, कारण त्यांच्यातल्या कोणीच काही केलेलं नव्हतं.

उठताना गुरुजींनी विचारलं, "थोरलीचं कसं चाललंय? ती आकडेमोडीत घाई करते. तिला म्हणा, चिन्ह बघ आधी."

निरोप मी पोहोचवला. तिचं वर्षभराचं गणिताचं शिक्षण तेवढंच झालं.

निकाल लागला. थोरली बाकी सगळ्या विषयांत निघाली, विज्ञानात तर चांगली, कारण विज्ञानाच्या मॅडम जागेवर होत्या आणि जीव लावून शिकवायच्या. गणितात गेली. तिने मार्कांचा कागद घडी करून देवळीत ठेवला, तथागतांच्या तसबिरीमागे, आणि आईबरोबर लोकांच्या शेतात निंदणाला गेली. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भर म्हटलं तर म्हणाली, "शिकवन कोन, सर?"

आणि त्याच पंधरवड्यात तो सत्कार.

मांडव शाळेच्या पटांगणात. खुर्च्या भरायला अंगणवाडीच्या बायकांना बोलावलेलं, म्हणून शेजारीणबाईही होती. शाल झाली, श्रीफळ झालं, फुलांचा तो भलाथोरला हार झाला, जो गळ्यात घालत नाहीत, नुसता चौघांनी धरून फोटोसाठी उभा करतात. विचारलेल्या प्रश्नांची बांधीव प्रत आमदारांनी कपाळाला लावली. त्यांची उत्तरं कुठे बांधली होती, ते कोणी विचारलं नाही. मग ते बोलायला उभे राहिले.

"या शाळेच्या गणिताच्या शिक्षकासाठी मी सरकारला धारेवर धरलं! सरकारने उडवाउडवीचं उत्तर दिलं. पण मी थांबणारा नाही! येत्या अधिवेशनात पुन्हा विचारणार! दुप्पट प्रश्न विचारणार!"

टाळ्या पडल्या. शेजारीणबाई वाकत वाकत माझ्या खुर्चीपाशी आली. तिला मी कार्यालयातलं सगळं सांगितलेलं होतं आणि मांडवातल्या कोणाहीपेक्षा तिला ते नीट कळलं होतं.

"सर, याइले थांबवा."

"काय झालं?"

"दुप्पट म्हनून राह्यले ना थे! दुप्पट इचारले त दुप्पट मास्तर लागतीन तिकडं. गनित गेलं थे गेलं. माही धाकटी आता दहावीत आली. इग्यानाच्या मॅडम तरी राहू द्या म्हना. हात जोडतो मी, इचारू नका म्हना."

मांडव आवरल्यावर मी स्वीय सहायकाला गाठलं. तो प्रश्न टाकू नको, म्हणालो. तो हसायला लागला. "सर, प्रश्न टाका म्हणून लोक माझ्या घरी येऊन बसतात. टाकू नको म्हणणारे तुम्ही पहिलेच! आणि आता साहेबांनी स्टेजवरून जाहीर केलं. माघार कशी घ्यायची?"

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. उत्तर कोण लिहितं, कुठे लिहितं, आणि ते लिहायला माणसं कुठून येतात. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "वा, सर! यावरच एक प्रश्न होईल. लिहून द्या ना."

पावसाळी अधिवेशनात आमदारांनी खरंच दुप्पट प्रश्न विचारले. विज्ञानाच्या मॅडम आता गुरुजींच्या शेजारच्या टेबलावर बसतात. त्यांचंही टायपिंग चांगलं आहे.