आईचा खोकला

पांढरकवड्याच्या स्टँडवर आई मला सोडायला आली, तेव्हा तिच्या हातात माझी बॅग नव्हती, थुंकीचे तीन डबे असलेली पेटी होती. केळापूरजवळच्या आमच्या गावात ती आशाताई. खोकणाऱ्यांच्या घरी जायचं, त्यांना समजावून डबीत बेडका घ्यायचा आणि तपासणीला दवाखान्यात पोचवायचा, हे तिचं काम. मी पुण्याला एम.एस्सी.ला निघाले होते. गाडी सुटेपर्यंत थांब म्हणाले, तर ती म्हणाली, "मले हे दहाच्या आत पोचवा लागते. आन् तू रडू नको व, तुले कोनं मारलं काय?" खिडकीतून मला तिची पाठच दिसली. भरभर चालत होती.

सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या पहिल्याच सत्रात क्षयाच्या जंतूची स्लाइड पाहिली. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक गुलाबी काड्या. संध्याकाळी घरी फोन केला. इतकी वर्षं डबे वाहणाऱ्या आईने तो जंतू कधी पाहिलाच नव्हता. "गुलाबी?" तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "मले वाटे काळा असन."

पुढे पीएच.डी. झाली, त्याच विभागात शिकवायला लागले. माझं संशोधन क्षयाच्या जंतूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदावर. औषध दिलं की त्यातले थोडे का जगतात आणि त्यांची पुढची पिढी त्या औषधाला का जुमानत नाही, हे मी पाहत होते. गावी जाणं वर्षातून एकदा, फार तर दोनदा. जाताना भावाच्या मुलींसाठी ड्रेस न्यायचे, येताना आई तुरीची डाळ बांधून द्यायची.

एका हिवाळ्यात गेले, तर आईच्या गळ्याची हाडं वर आलेली. पदर तोंडाशी धरून ती खोकत होती.

"किती दिवस झाले?"

"कापसाची धूळ हाय. वेचाले गेलती मी, दोनचार दिवस."

माझा भाऊ राहुल चुलीपाशी बसला होता. तो हळूच म्हणाला, "महिना झाला, ताई."

मी तिला म्हटलं, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर तपासून घ्या, हे तूच सगळ्यांना सांगतेस ना? तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मलेच टीबी हाय म्हनून गावात समजलं, तं कोन दार उघडन मले? लेकराच्या तोंडात डोस देऊ देईन काय कोनी?"

यावर मी काय बोलायला हवं होतं, ते मला माहीत होतं. वर्गात तेच तर शिकवत होते. पण परवा माझ्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होती, बाहेरचे परीक्षक येणार होते. "पुढच्या आठवड्यात नक्की जा हं," एवढं म्हणून मी गाडीत बसले. मनात कुठेतरी मी ती कापसाची धूळ खरी मानली. मानायला सोयीची होती.

दोन महिन्यांनी राहुलचा फोन आला. खोकल्यातून रक्त पडलं होतं. तपासणीचा कागद त्याने मोबाइलवर पाठवला. मुख्य औषधाला जंतू दाद देत नव्हता. असे कागद मी विद्यार्थ्यांना वाचायला शिकवते. तो मला तीनदा वाचावा लागला.

मी रजा टाकून गेले. आता अशा रुग्णांना गोळ्याच देतात, पण तेव्हा रोज इंजेक्शन असायचं, कित्येक महिने. त्याने कान जाऊ शकतात, हे डॉक्टरांनी सांगितलं. मीही या वेळी काही लपवलं नाही. आईने मला विचारलं, "तू म्हनशीन तसं करू. घेऊ काय?"

मी म्हणाले, "घे."

चौथ्या महिन्यात तिच्या कानात शिट्टी वाजायला लागली. मग कुकरची शिट्टी ऐकू येईना. औषध बदललं, पण गेलेलं परत आलं नाही. त्याच सुमारास वर्गात त्या औषधाचा धडा आला. जंतूच्या आत ते काय करतं, याची आकृती मी फळ्यावर काढली. दुष्परिणामांपाशी आले तेव्हा खडू खाली ठेवला. पाणी प्यायले आणि पुढे शिकवलं.

दीड वर्षाने आई बरी झाली. विहारात पौर्णिमेला बाया जमल्या होत्या, तिथे ती उभी राहिली. आपला आवाज किती मोठा येतोय हे तिला कळत नव्हतं, त्यामुळे ती जवळजवळ ओरडलीच. "मले टीबी झालती! लपवली मी. तुमी लपवू नका!" मग मागे बसलेली एक सून उठून तिच्याजवळ आली आणि आपल्या छातीवर हात ठेवून खोकल्याची खूण केली. दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन दवाखान्यात गेली.

मी आजही पुण्यात आहे. विभागात माझी खोली आहे, दारावर नावाची पाटी आहे. आई मात्र फोनच्या पलीकडे गेली. तिच्याशी बोलायचं तर गावीच जावं लागतं. आता मी दर दोन महिन्यांनी जाते.

बरी झाल्यावर पहिल्यांदा गेले, तेव्हा ती माझ्या ओठांकडे एकटक पाहत होती आणि तिला काहीच कळत नव्हतं. राहुलचं सगळं कळायचं, माझं नाही. शेवटी ती चिडून म्हणाली, "काहून असं बोलतं तू? आपलं बोल ना. हे कॉलेजातलं मले दिसत नाही."

पुण्यात राहून माझी भाषा कधी बदलली, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, दाराकडे तोंड करून, म्हणजे उजेड चेहऱ्यावर येईल. सावकाश म्हणाले, "आई, मी आली. मले पंधरा दिवस सुट्टी हाय."

"पंधरा?" आई म्हणाली. "मंग बस निवांत."

घर कुठलं असं कोणी विचारलं की मी अजूनही गावाचं नाव सांगते. पण डोळ्यांपुढे येते ती तेवढीच जागा, दारातून उजेड येतो तिथली, आईच्या समोरची.