एकोणचाळीस हात आणि टोकाचं घर

आमच्या कॉलनीत चाळीस घरं आहेत, आणि प्रत्येक घरात एक तरी माणूस असा आहे की ज्याला देश चालवायला दिला तर तो दुपारच्या जेवणाआधी मार्गी लावील. माझ्या घरात तो माणूस मी. त्यामुळं पुढं जे घडलं त्यात माझा वाटा किती लाजिरवाणा होता, हे आधीच सांगून टाकतो. मी हात वर केला होता. खरं सांगायचं तर दोन्ही.

सोलापूरच्या उन्हाबद्दल मी कधी अतिशयोक्ती करत नाही. मे महिन्यात गच्चीवर वाळत घातलेली चादर काढायला गेलं, तर चादर हातात येते आणि रंग दोरीवरच राहतो, एवढंच. त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. आमच्याकडं लग्नाची तारीख काढताना आधी पाण्याचा दिवस बघतात, मग पंचांग. पाणी आलं की ते कॉलनीच्या फाटकाजवळच्या जमिनीतल्या टाकीत पडतं. तिथून मोटार लावून ते चढावर ढकलायचं, आणि प्रत्येक घराला पंधरा मिनिटांची पाळी. घराघराचा व्हॉल्व्ह रस्त्याकडेच्या खड्ड्यात. तो फिरवायची चावी म्हणजे खिशात मावणारी नव्हे, छातीएवढी उंच लोखंडी कांब. ती घेऊन चढ-उतार करायचं काम दर पाण्याला एका घराकडं.

पाळी सुरू होते ती सगळ्यांत वरच्या टोकाच्या घरापासून. तिथं अक्का राहते.

अक्का म्हणजे पद्मशाली घरातली, सत्तरी ओलांडलेली विधवा बाई. नवरा मिलमध्ये होता, मिलच्या मागोमाग तोही गेला. ही घरी कडक भाकऱ्या करून विकते. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. भाकरी कडक, पण जिभेपुढं काहीच नाही. तेलुगू, कन्नड, मराठी आणि दख्खनी अशा चार भाषांत ती भांडू शकते, आणि एका भांडणात चारही वापरते. कॉलनीतल्या प्रत्येकाविरुद्ध तिनं अर्ज केलेला होता. चेअरमनचा ओटा रस्त्यावर आला म्हणून अर्ज. एकाचा कुत्रा भुंकतो म्हणून अर्ज. माझं घर तिच्या लगेच खाली, तर माझ्या लिंबाचा पाला तिच्या अंगणात येतो म्हणून माझ्यावर दोन अर्ज. पाला वर कसा चढतो, असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या झाडालाबी तुझ्यासारखीच दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय हाय बे."

त्या उन्हाळ्यात टाकी अर्धीच भरू लागली. वरच्या घरापर्यंत पाणी चढवायचं तर खालचे सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवावे लागतात. म्हणजे पहिली पंधरा मिनिटं एकटीसाठी अख्खी कॉलनी कोरडी. एका रविवारी सकाळी चेअरमननं सभा बोलावली. टाकीच्या कठड्याभोवती खुर्च्या. विषय एकच: अक्काची पाळी सगळ्यांत शेवटी, तीही पाणी उरलं तर. म्हणजे शेवटचीसुद्धा नाही, हे सगळ्यांना कळत होतं. उरत कधीच नव्हतं.

हा दिवस सव्वीस जानेवारी असता तर गोष्टीला झेंडा शोभला असता. पण नव्हता. मी खोटं एका मर्यादेपर्यंतच बोलतो.

अक्का खुर्चीवर बसली नाही. पदर खोचून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "पाणी न्हाय तर पीठ कशात मळू? तुमच्या तोंडच्या वाफेत?"

"लोकशाही हाय, अक्का," चेअरमन म्हणाले. "जिकडं हात जास्त, तिकडं निकाल. बाजूनं कोण कोण?"

हात असे वर गेले की झाडावरचे पक्षी उडाले. मोजणाऱ्याला चाळीस भरले. अक्काचा हात तर कमरेवर होता. मग पुन्हा मोजल्यावर माझा दुसरा हात सापडला आणि तो मला खाली घ्यायला लावला. एकोणचाळीस विरुद्ध एक. आम्ही टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्या बाईला तहानलेलं ठेवायला इतक्या शिस्तीनं, इतक्या लोकशाही पद्धतीनं कुणी टाळ्या वाजवल्या नसतील.

तेवढ्यात क्लार्कसाहेब उठले.

हे गृहस्थ आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली सांभाळून निवृत्त झालेले, बौद्ध घरातले, आवाज इतका हळू की बायकोलाही दोनदा विचारावं लागतं. त्यांच्या दिवाणखान्यात मधोमध संविधानाची उद्देशिका चौकटीत लावलेली आहे. रोज सकाळी ते तिची काच पुसतात, हे मी स्वतः पाहिलंय. कॉलनीचे जुने कागद त्यांच्याकडंच असतात. त्यांनी हातातल्या फडक्याची गाठ सोडली. आत पिवळी पडलेली वही.

"ठराव मंजूर झाला," ते म्हणाले. "पण लागू व्हत न्हाय."

"म्हंजे काय ओ साहेब?" चेअरमन उखडले. "तुमचाबी हात वर होता की!"

"होता की. बाईनं माझ्यावर तीन अर्ज केलेत. मला ती आवडत न्हाय, म्हणून हात वर केला. ते माझं मत. आता नियम वाचतो. तो माझा न्हाय, आपला हाय."

आणि त्यांनी वाचलं. टोकाच्या घराची पाळी पहिली. त्या घराच्या लेखी संमतीवाचून ही पाळी कितीही बहुमतानं बदलता येणार नाही.

कुणी तरी हसलं. कुणी म्हणालं, असला कसला नियम, चाळीसातल्या एकोणचाळीसांना न जुमानणारा? क्लार्कसाहेब चिडले नाहीत. त्यांनी वही आमच्याकडं फिरवली.

"ह्या जागेवर काही नव्हतं तवाची गोष्ट. चाळीस मिलकामगार. चढ डोळ्यासमोर. वरच्या घराला पाणी चढायचं न्हाय, हे सगळ्यांना दिसत होतं. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटायचे ठरलेले. पण चिठ्ठ्या काढायच्या आधी त्यांनी हा नियम लिहिला. आधी, बरं का. कुणाला ठाऊक नव्हतं वरचं घर कुणाच्या नशिबी येणार. तुमच्या बापाच्या का माझ्या. म्हणून प्रत्येकानं असा नियम केला की वरचं घर आपल्यालाच आलं तरी मरायची वेळ येऊ नये. मग चिठ्ठ्या काढल्या."

खाली सह्या होत्या. सह्या म्हणजे बहुतेक अंगठे. निळ्या शाईचे चाळीस अंगठे, चार ओळींत. त्यांत एक माझ्या वडिलांचा होता. तो मी ओळखला, कारण मागाच्या पट्ट्यात सापडून त्यांच्या अंगठ्याची कड गेली होती. ठशाला एका बाजूला भोक होतं. माझे वडील माझ्याशी कधी सरळ बोलले नाहीत, हात उगारूनच बोलायचे. आणि त्या दिवशी त्यांचा अंगठा वहीतून माझ्याकडं बघत होता आणि म्हणत होता, मी अजून ज्याला बघितलंबी न्हाय त्या माणसासाठी शब्द देऊन ठेवलाय, आणि तू दोन-दोन हात वर करतोस?

माझ्या अंगावर काटा आला. भर उन्हात. सोलापुरात मे महिन्यात थंडी वाजलेला मी इतिहासातला पहिला माणूस असेन.

"हात मोजणं ही लोकशाही," क्लार्कसाहेब वही मिटत म्हणाले. "ती पाहिजेच. चेअरमन निवडा, रंग ठरवा, दिवे लावा, समदं हातानं ठरवा. पण कितीबी हात वर झाले तरी जे काढून घ्यायचं न्हाय, ते आधी बसून, डोकं थंड असताना, एकमेकाला लिहून देणं ही दुसरी गोष्ट. देशानं दोन्ही केल्या. आपल्या बापांनीबी."

पण कॉलनी इतक्यात हार मानणारी नव्हती. नियमात लेखी संमतीची फट होती ना! मग आम्ही एकोणचाळीस जण चढ चढून अक्काच्या दारात गेलो, तिनंच सही करून आपलं पाणी सोडावं अशी विनंती करायला. अशी मोहीम जगात दुसऱ्या कुठल्या गावानं काढली असेल तर मला कळवा. अक्कानं सगळ्यांना उभं ठेवलं, कागद उलटसुलट केला, आणि म्हणाली, "पेन हाय का?"

चेअरमननं घाईघाईनं खिशातलं पेन दिलं. तिनं ते निरखून पाहिलं, कमरेला खोवलं आणि दार लावून घेतलं.

आता खरा घोळ. चावी चेअरमनच्या घरी. त्यांच्या वडिलांनी मोटार बसवून दिली, म्हणून वडील चेअरमन, आणि वडलांमागं हे. दुसरं कुणी उभं राहायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. परत उतरताना ते म्हणाले, "वही तुमची, चावी माझी. मोटार माझ्या बापानं बसवलीय. बघतो वर पाणी कसं चढतंय."

क्लार्कसाहेब चालता चालता थांबले. "काही देशांत मतदान हाय आणि राजाबी हाय," ते म्हणाले. "लोक हात वर करून कारभारी निवडतात, आणि मुकुट मात्र बापाकडून पोराकडं जातो. चालतंय त्यांचं. आपण ते ठेवलं न्हाय. प्रजासत्ताक म्हंजे एवढंच, चेअरमन. चावी कुणाच्याच घरात जन्माला येत न्हाय."

चेअरमननं हात झटकला. तावातावानं निघून गेले.

चौथ्या दिवशी पाणी आलं, आणि चावी फिरवायचं काम त्या दिवशी नेमकं माझ्या घराकडं. सकाळचे सात. बायको म्हणाली, "अहो, जाताय नव्हं? का दोन्ही हात दुखायलेत?" ही बाई सभेला आलीच नव्हती, पण तिला सगळं ठाऊक होतं.

मी निघालो खरा, पण मुद्दाम हळू. चेअरमन जुना मित्र. वर टोकाला अक्काची दोन्ही पिंपं पालथी पडलेली दिसत होती; आदल्या दिवसापासून तिच्या चुलीचा धूर नव्हता. चावी मिळाली नाही तर काय करायचं, याचा विचार मी केला नव्हता. खरं म्हणजे, नाही मिळाली तर बरंच, असंही मनाच्या एका कोपऱ्यात होतं. पहिली पंधरा मिनिटं मग माझ्याच घराची.

चेअरमनच्या दारात पोचलो तर तिथं आधीच माणसं. ज्याच्या कुत्र्यावर अर्ज झाला होता तो, कुत्र्यासकट. सभेत हात मोजणारा. खालच्या घरांतल्या बायका, घागरी कमरेवर. क्लार्कसाहेब सगळ्यांत मागं, वही न घेता. मी मोजायचं सोडून दिलं, पण रविवारी ज्यांचे हात वर होते तीच ही माणसं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. आमच्या कॉलनीत दोन माणसं जमली की तीन भांडणं होतात, आणि तिथं टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

चेअरमन दारात आले. सगळ्यांकडं बघितलं. "काय हाय?"

कुत्रावाला म्हणाला, "चावी द्या. अक्काची पाळी हाय."

"तू? तुझा हात तर सगळ्यांत आधी वर होता की बे!"

"होता. अजूनबी मला ती बाई नकोच हाय. पण पाळी तिची हाय."

मी हिमालय पाहिलेला नाही. समुद्र एकदा पाहिला, तेव्हा भूक लागली होती. पण मोठं काही तरी समोर उभं आहे आणि आपण त्याच्या पायाशी आहोत, असं मला आयुष्यात एकदाच वाटलं, ते त्या दारात. हात वर करणं सोपं होतं. आपलाच वर केलेला हात मागं ठेवून, जी माणसं मरून गेली त्यांच्या शब्दासाठी, न आवडणाऱ्या बाईच्या पाण्यासाठी सकाळी सातला येऊन उभं राहणं! हे कुणी शिकवलं या घागरीवाल्यांना?

चेअरमन आत गेले. बराच वेळ गेला. मग लोखंड फरशीवर आपटल्याचा आवाज आला, आणि ते ती कांब दोन्ही हातांत आडवी धरून बाहेर आले. माझ्याकडं दिली आणि म्हणाले, "मोटार मी चालू करतो. तू वर जा. आणि खालचे व्हॉल्व्ह नीट आवळ, दाब गेला तर चढणार न्हाय." आणि स्वतःच मोटारीच्या खोलीकडं गेले.

मी एकेक व्हॉल्व्ह आवळत चढलो. अक्काच्या दारासमोरच्या खड्ड्यात कांब घातली आणि फिरवली. आधी नुसती हवा फुसफुसली. मग लांबून, चढाखालून, पाइपात खडखडाट सुरू झाला. तो वर येत गेला, माझ्या तळपायाखालून सरकला आणि तिच्या पिंपात पाणी पडलं.

अक्का कमरेवर हात ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एक पिंप भरलं. दुसरं निम्म्यावर आलं आणि ती ओरडली, "बंद कर."

"अक्का, अर्धंच झालंय. अजून दोन मिनिटं घे की. कोण बघतंय?"

"पंधरा झाले," ती म्हणाली. "आता खालच्या घराची पाळी. खालचं घर कुणाचं?"

"माझं."

"मग बंद कर की बे."