कोरडा चौथरा

माझं माहेर कृष्णाकाठचं. तिथं पाणी चढायला लागलं की काय आधी उचलायचं हे पोरासोरांनाही पाठ असतं. आधी घरातलं आजारी माणूस, मग गुरं, मग धान्य. देव सगळ्यात शेवटी. वडील म्हणायचे, देव काही बुडून मरत नाही. लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा वाटलं, एवढ्या मोठ्या शहराला हे कुणी शिकवायला नको.

सासरचे लोक पिढ्यान्पिढ्या तंजावरकडचे मराठी. थोरल्या नणंदेला सगळे अक्का म्हणत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, आमच्याच घरी राहणाऱ्या. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागे. अण्णा नगरातलं रुग्णालय घराजवळच होतं. पहिल्या मजल्यावरची खिडकीशेजारची खुर्ची अक्कांची. तिथून खाली दारातला पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, दिसायचा. एक हात नळ्यांत अडकलेला, म्हणून दुसरा हात छातीशी नेऊन त्या नमस्कार करायच्या.

आधीच्या एका पुरात या रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरलं होतं. जनरेटर तिथंच, विजेचे सगळे बोर्डही तिथंच. तेव्हा पाणी लवकर ओसरलं म्हणून निभावलं. व्यवस्थापनानं त्यातून धडा घेतला, नाही असं नाही. गणपतीचे पाय भिजले होते, म्हणून त्याला छातीएवढा ग्रॅनाइटचा चौथरा बांधला, पायऱ्या केल्या, वर पितळी कळस चढवला. जनरेटर होता तिथंच राहिला. मी मॅनेजरला विचारलंही होतं, हे यंत्र वर कधी नेणार?

"नेक्स्ट फेजमध्ये, मॅडम," तो हसून म्हणाला.

घरी आल्यावर अक्कांनी मलाच दटावलं, "देवाचें काम झालें तर तुज कां गे पोटदुखी?"

मग हे वादळ आलं. पाऊस थांबला, पण गल्लीतलं पाणी हलेना. अक्कांची डायलिसिसची एक पाळी चुकली, मग दुसरी. चेहरा सुजला, आडवं झालं की धाप लागायची. मदतीची पोरं केळी वाटून गेली, तेव्हा पथ्यानं केळं वर्ज्य असलेल्या अक्का हसल्या. "केळें म्हणजे मज विष गे, तू खा." शेवटी माझ्या नवऱ्यानं कोळ्यांची एक होडी थांबवली आणि आम्ही त्यांना रुग्णालयात नेलं.

पाणी चौथऱ्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत होतं. गणपती ठणठणीत कोरडा. एवढ्या पाण्यातूनही कुणीतरी त्याला रुईची ताजी माळ घालून गेलं होतं. शेजारी तळघराचा उतार काळ्या पाण्यात बुडालेला.

वर डायलिसिसची यंत्रं ओळीनं उभी होती, स्वच्छ, कोरडी, एकाही भागाला धक्का न लागलेली. फक्त वीज नव्हती. आयसीयूच्या दाराशी एक मुलगी वडिलांच्या तोंडावरचा श्वास देणारा फुगा हातानं दाबत बसली होती. ती दमली की तिचा भाऊ तिच्या जागी बसायचा, मग ती त्याच्या. नर्स रडत होती. मॅनेजर म्हणाला, "दुसरीकडे हलवा." नवरा होडीनं दुसऱ्या रुग्णालयात विचारायला गेला. मी अक्कांना त्यांच्या खुर्चीत बसवलं, कारण तिथं त्यांना जरा बरं वाटायचं.

"परवाल्लै गे," त्या म्हणाल्या, काही हरकत नाही, "करंट येईल."

करंट आला नाही. दुपारच्या लख्ख उजेडात, चालू स्थितीतल्या यंत्राला खेटून, माझी नणंद गुदमरून गेली. नवरा परतला तेव्हा मी त्यांचा हात धरून बसले होते, आणि तो विचारत होता, हलवायचं ना?

लोक सांत्वनाला आले की म्हणत, निसर्गापुढं कुणाचं काय चालतं. माझं डोकं फिरतं हे ऐकून. निसर्गानं जनरेटर तळघरात ठेवला? मला त्या बिचाऱ्या देवाचा राग नाही. त्याला ज्यानं उचललं त्याच मिस्त्रीकडून, त्याच सिमेंटनं मागच्या अंगणात जनरेटरसाठी एक उंच ओटा बांधता आला असता. कुणी चुकून मेलं नाही तिथं. काय आधी उचलायचं ते बसून, चहा पीत ठरवलं होतं त्यांनी.

मृत्यूच्या दाखल्यासाठी आम्हा दोघांना पुन्हा तिथं जावं लागलं. दाखल्यावर मूत्रपिंडाचा आजार लिहिला होता. बाहेर आलो तर दारात गर्दी होती. नवा कोरा जनरेटर आला होता. त्याला चंदनाचे टिळे लावलेले, ट्रकच्या चाकांखाली लिंबं, समोर कोहळा फोडलेला. क्रेननं त्याला उचललं आणि उताराच्या तोंडाशी ठेवलं. त्याच तळघराच्या. ये रे माझ्या मागल्या!

मी उतारावर जाऊन उभी राहिले. "वर न्या हे," मी ओरडले. मॅनेजर हात जोडत आला. "वर कँटीन आहे, मॅडम. जागा नाही." नवऱ्यानं मला दंडाला धरून बाजूला घेतलं. रोलरवरून यंत्र सावकाश खाली गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कुणीतरी माझ्या हातात प्रसादाचा द्रोण दिला.

तो टाकायला जागा शोधत मी वर पाहिलं. अक्कांच्या खिडकीशी एक अनोळखी बाई बसली होती, तरुणच होती. एका हाताला नळ्या होत्या. चौथऱ्याकडे बघत तिनं दुसरा हात छातीशी नेला.