अर्धलीनं घेतलेलं पुस्तक

बाईंनी खाटेवर दोन पुस्तकं ठेवली. म्हणाल्या, "एक माझ्याबरोबर, एक तुझं. कोणतं ते तूच सांग. चारला गाडी येईल."

मी नववीतून शाळा सोडलेला. गाव गडचिरोलीकडं. गवंड्यांच्या टोळीबरोबर बीडजवळच्या पालीला आलो, बाईंचं घर बांधून झालं आणि मी तिथंच राहिलो. बाई हैदराबादला फ्रेंच साहित्य शिकवायच्या. नजर गेल्यावर त्यांची इंग्रजी पुस्तकं मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं आलं. अडलो की मी अक्षरं सांगायचो, त्या शब्द सोडवून द्यायच्या, कधी वैतागल्या नाहीत. हे उपकार कुठं फेडू? आता लेक त्यांना पुण्याला नेत होती, तिथं तीच वाचून दाखवणार होती; इथलं घर मी सांभाळायचं.

जाड पुस्तक साहित्याच्या इतिहासाचं. कोणत्या लेखकानंतर कोण, वाट चुकत नाही. बारीक समीक्षेचं. त्यात एक पंडित म्हणतो, लेखकाचं आयुष्य बघा. दुसरा म्हणतो, आयुष्य गेलं चुलीत, लिहिलंय ते बघा. भांडी घासतानाही ते भांडण माझ्या डोक्यात चालायचं. मला तेच हवं होतं. पण बाई खुलून हसायच्या त्याही त्याच पुस्तकाला.

अंगणात नुसत्या येरझारा. शेजारचे मामा शेळ्या सोडत होते.

"कावून फिरायलास बे?" इकडं 'का'ला 'कावून' म्हणतात.

"पुस्तक निवडायचंय, मामा. दोघांनाही एकच पाहिजे."

"मंग अर्धलीनं माग की! ह्यातल्या निम्म्या शेळ्या दुसऱ्याच्या हायत. शेळी मालकाची, चारा माझा, करडं निम्मी निम्मी. कुणी रडत न्हाई."

आत गेलो, पण बाईंचं ते हसू आठवलं आणि तोंडातून निघालं, "जाड."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि बारीक पुस्तक पिशवीकडं नेऊ लागल्या.

"नाही बाई, ते बारीक. पण अर्धलीनं."

त्या थांबल्या. बीडच्याच त्या, समजावून सांगावं लागलं नाही. "करडं कधी पोचवशील?"

"दर रविवारी, फोनवर. कळेल त्यातलं निम्मं तुमचं."

"आणि कळणार नाही ते?"

"ते सगळं तुमचं."

हसत त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

शनिवार आला की पुस्तक घेऊन बसतो. पान तीन-तीनदा वाचतो, तरी फोन करायला धीर होत नाही. गेल्या रविवारी कळलं ते सांगितलं तर म्हणाल्या, "अगदी उलटं समजलास. पण कावून, ते सांग." मी सांगत बसलो, आणि त्यांनी फोन ठेवायची घाई केली नाही.