कानसबाई आणि मधल्या काळातली गिटार

इलेक्ट्रिक गिटारच्या कारखान्यात तिला सगळे कानसबाई म्हणत. नाव मुकादमानं ठेवलं होतं. एक तर तिच्या हातात दिवसभर कानस असे, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. कामात हयगय करणाऱ्याला ती असं काही सुनावी की तो पुढचा आठवडाभर गुळगुळीत वागे. लग्न ठरताना नवऱ्या मुलाच्या कानावर हे नाव गेलं, तेव्हा तो म्हणाला होता, "बरं झालं आधीच कळलं. मी माझ्या कडा गोल करूनच येतो." तो बस डेपोत मेकॅनिक होता. बोलायचा कमी, पण बोलला की असा.

गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. वाजवणारा बोटानं तार दाबतो, ती फ्रेटवर टेकते आणि सूर निघतो. एखादी फ्रेट केसभर वर राहिली तरी शेजारच्या सुराला खरखर येते, आणि फ्रेटची टोकं बाहेर डोकावत असली तर हात वरखाली करताना ओरखडे उठतात. सगळ्या फ्रेट एका पातळीत आणायच्या, मग प्रत्येकीचा माथा पुन्हा गोल करायचा, टोकं बोथट करायची, हे कानसबाईचं काम. काम झालं की ती एक जुना पायमोजा हातावर चढवून मानेवरून फिरवी. मोजा कुठं अडकला नाही, तरच मान पुढं जाई.

ती कामाला लागली तेव्हा कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड होती. लाकूड मागच्या खोलीत थरावर थर रचून सुकत पडलेलं असे, आणि मुकादमानं होकार दिल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. फ्रेट हातोडीनं ठोकल्या जात. ठोकणारा एकच होता, म्हणून तो ठोक्या. पुढं त्या काळातल्या गिटारींचं बाजारात भलतंच कौतुक सुरू झालं. सोन्याचे दिवस म्हणे! कानसबाईला त्याचं हसू येई. ठोक्याचं घरी जमलेलं असलं की फ्रेट अशा बसलेल्या असत की नुसता हात फिरवून मान पुढं सरकवावी. बिनसलेलं असलं की अर्धा दिवस घासत बसावं लागे.

"आज काय झालं रे घरी?" ती विचारी.

"तुला कोणी सांगितलं?"

"सातव्या फ्रेटनं."

मात्र त्या वेळी शेवटच्या टेबलाशी एक वाजवणारा बसलेला असे. प्रत्येक गिटार तो थोडी वाजवून बघे आणि नाक मुरडून अर्ध्या परत पाठवी. सगळ्यांना त्याचा राग यायचा.

मग मागणी वाढली. शेडला शेड जोडल्या गेल्या, दोन पाळ्या लागल्या, लाकूड आलं तसं कापायला जाऊ लागलं. फ्रेट आता दाबयंत्रानं एका झटक्यात बसत. काल भाजी विकणारी माणसं आज कानस धरून शेजारी उभी राहिली. वाजवणाऱ्याला काढून टाकलं, कारण तो वेळ खातो. ओलसर लाकडावर फ्रेटची टोकं घासून कितीही साफ केली, तरी कोरडी हवा लागली की लाकूड आकसे आणि टोकं पुन्हा बाहेर येत. कानसबाई मुकादमाशी भांडली.

"हे पुढं हात ओरबाडेल."

"पुढं ना? आज नाही ना? मग पुढची मान घे."

हा मधला काळ पुष्कळ वर्षं चालला. शेवटी कारखान्याचं नाव खराब झालं, नवे मालक आले आणि त्यांनी संगणकावर चालणारं मशीन आणलं. मशीननं घासलेल्या माना पहिल्यांदा आल्या, तेव्हा कानसबाईनं तीन-चार माना उजेडात धरून वाकून पाहिल्या, मोजा फिरवला, आणि काही बोललीच नाही. ठोक्या म्हणाला, "अगं बोल काहीतरी, भीती वाटते." पण बोलायला जागाच नव्हती. फ्रेट सगळ्या एकसारख्या, कालच्या तशा आजच्या. त्यानंतर कानसवाल्यांचं टेबल बंद झालं. आपली हत्यारं पिशवीत घालून ती घरी आली आणि मागच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडून तिनं दुरुस्तीचं काम सुरू केलं.

एवढं सगळं असून तिला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कधी शिकावंसंही वाटलं नाही. वाजवायची ती तिची लेक.

लेक एकुलती एक, आणि कानसबाईची सगळी काळजी तिच्यावर. शाळेची सहल असो की दाताचं दुखणं, आईच्या डोक्यात आधी वाईटच यायचं. लेकीला त्याची सवय झाली होती. "आई, तुझी काळजी करून झाली की सांग, मग आपण बोलू," असं म्हणून ती आपलं काम करत राही.

एक दिवस लेक स्वतःच्या कमाईतून जुनी गिटार घेऊन आली. कानसबाईनं पेटी उघडली, मान बघितली आणि नको असलेला पाहुणा दारात उभा राहावा तसा तिचा चेहरा झाला.

"हे ध्यान कुठून उचलून आणलंस?"

"ध्यान काय? छान आहे ती."

"अगं, ही मधल्या काळातली आहे! आमच्या दोन पाळ्यांची! ही टोकं बघ, करवत आहे नुसती. दुकानदारानं गळ्यात मारली तुझ्या."

"मी चार वाजवून बघितल्या, आई. हिच्यावर माझा हात चालतो."

"टोकं तेवढी घासून देते."

"टोकं घास. बाकी कशाला हात लावू नकोस."

कानसबाईनं टोकं बोथट केली आणि बाकीचं सोडून दिलं. पण डोक्यातून ते गेलं नाही. लेक वाजवायला बसली की ती स्वयंपाकघरातून कान देऊन ऐके. नवव्या फ्रेटच्या आसपास कुठंतरी बारीक खरखर होती. लेकीला ती चालत होती, बहुधा आवडतही होती.

पुढं लेकीला एका नाटक कंपनीचं बोलावणं आलं. गावोगाव हिंडणारी मोठी कंपनी, वाद्यवृंदात गिटारची एक जागा रिकामी. निवड रविवारी. लेकीला आयुष्यात काही हवं होतं तर ते हेच. शिकवण्या घेऊन आणि लग्नसमारंभांत वाजवून ती कंटाळली होती. कानसबाईला दोन्हीकडून घोर लागला. निवड झाली नाही तर पोर खचेल, आणि झाली तर घर सोडून जाईल.

गुरुवारी लेक आत्याकडं गेली. आत्याच्या शेजारी पियानो वाजवणारी मैत्रीण राहायची, तिच्याबरोबर कागदावरच्या सुरावटींचं नुसतं वाचन करायचं होतं. गिटार घरीच होती. कानसबाई चहा पिऊन उठली, पेटीकडं बघून परत बसली, परत उठली. रविवारी परीक्षकांसमोर नवव्या फ्रेटला खरखर झाली तर? लोक म्हणतील, आई कारखान्यात होती ना? तिनं गिटार टेबलावर घेतली.

हयात गेली होती या कामात. तिनं सवयीप्रमाणे तारा उतरवल्या, मानेच्या आतली, बाक सांभाळणारी सळई सैल करून मान सरळ केली, फ्रेटच्या माथ्यांवर शाईचे पट्टे ओढले आणि लांब कानस फिरवली. कारखान्यात माना अशाच यायच्या, नव्या कोऱ्या, तारांशिवाय. सगळ्या माथ्यांवरची शाई सारखी निघाली. माथे गोल केले, चमकवले, तारा चढवल्या. आणि खरखर नववीवरून बारावीवर गेली.

तिनं पुन्हा तारा उतरवल्या. बारावी घासली, तर दहावी बोलायला लागली. दहावी घासली, तर वरच्या सगळ्याच कुरकुरू लागल्या. घरातल्या एका सुनेला गप्प करावं तर दुसरीनं तोंड उघडावं, असं चाललं. दुपार सरली. नवरा डेपोतून आला, दारातून डोकावला.

"काय चाललंय?"

"काही नाही. जरा बघतेय."

टेबलावर धातूचा कीस बघून तो म्हणाला, "एवढं बघणं बरं नव्हे."

तेव्हा कुठं तिनं हात थांबवला आणि मान उजेडात धरली. फ्रेट सगळ्या एका पातळीत होत्या, आणि इतक्या बुटक्या झाल्या होत्या की बोट तारेऐवजी लाकडालाच लागत होतं. आता तिला कळलं. ही मान नवी नव्हती. वर्षानुवर्षं तारांनी ओढून तिला स्वतःचा बाक आला होता, तारा उतरवल्या की तो लपायचा आणि चढवल्या की परत यायचा. ती तारा उतरवलेली मान सरळ करत बसली होती.

शुक्रवारी लेक आली. पेटी उघडली, एक सूर धरून तार बोटानं वर ओढू गेली, तर तार बोटाखालून निसटली. पुन्हा ओढली, पुन्हा निसटली.

"आई!"

कानसबाई दारातच उभी होती.

"तू घासलीस?"

"खरखर होती गं."

"मला ठाऊक होती ती! त्या खरखरीला धरून मी हात बसवला होता! परवा निवड आहे, आई, परवा!" तिचा आवाज चिरकला. "तुला मी जाऊच नये असं वाटतंय ना? खरं सांग."

नवरा मध्ये पडायला गेला, कानसबाईनं त्याला हातानं अडवलं.

"जाऊ नये असं वाटतं," ती म्हणाली. "रोज वाटतं. पण कानस त्यासाठी नव्हती उचलली."

लेक रडली, मग पेटीचं झाकण आपटून आत गेली. बापानं दुकानातून मशीनकाळातली नवी गिटार भाड्यानं आणायचं सुचवलं. लेक बंद दारामागून म्हणाली, "चांगली असेल. पण दोन दिवसांत माझी होणार नाही."

कानसबाई टेबलाशी बसून राहिली. मग तिनं दार ठोठावलं. "मी सगळ्या फ्रेट काढून नव्या बसवते. उद्या दुपारपर्यंत होतील. पण तुला शेजारी बसावं लागेल. वाजवून सांगावं लागेल, कुठं थांबायचं ते. मला ऐकू येतं ते तुझ्या हाताला लागतं तसं नसतं, एवढं मला आता कळलंय."

दार उघडलं. "भूक लागलीय," लेक म्हणाली. "आधी जेवू."

शनिवारी सकाळपासून दोघी खिडकीशी होत्या. कानसबाईनं जुन्या फ्रेट तापवून एकेक उपसल्या. लाकडाचा टवका उडाला की लेकीचा जीव वर जाई आणि आई "काही नाही, काही नाही" म्हणत तो डिंकानं जागच्या जागी बसवी. फ्रेटच्या नव्या पट्टीचे तुकडे वाकवून हातोडीनं ठोकले. ठोक्या असता तर हसला असता, कारण दोन फ्रेट वाकड्या बसल्या आणि पुन्हा काढाव्या लागल्या. मग तिनं आधी तारा चढवल्या, मानेवर ताण येऊ दिला, आणि तारांच्या खालून एक पातळ पट्टी सरकवून, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक पॉलिशकागदानं घासायला सुरुवात केली. असं तिनं कधी केलं नव्हतं. हात अवघडत होता.

लेक वाजवी. "इथं थोडं." आई घासे. "अजून?" "जरा. बस! बस म्हटलं ना!"

"अगं, अजून केसभर आहे वर."

"असू दे."

"खरखर येईल."

"येऊ दे गं. मला हवीय."

कानसबाईची बोटं शिवशिवत होती, पण तिनं पट्टी खाली ठेवली. नवरा पाठीमागून म्हणाला, "आज इतिहास घडला. कानस थांबली." दोघींनी त्याच्याकडं बघितलं तशी तो निमूट बाहेर गेला.

संध्याकाळभर लेक वाजवत होती. नव्या फ्रेट उंच होत्या, सुरुवातीला बोटं वेडीवाकडी पडत. दोनदा तिनं वैतागून गिटार बाजूला ठेवली. झोपण्याआधी मात्र एक लांब सुरावट न थांबता गेली. मग तिनं गिटार पुसून पेटीत ठेवली.

रविवारी निवडीला लेक एकटी गेली. आईनं येण्याचा हट्ट केला नाही, ही त्या घरातली मोठी गोष्ट होती. दुपारी ती परत आली, चपला काढल्या, पाणी प्यायली.

"अगं सांग ना, माझा जीव काय घेतेस!"

"घेतलं. सहा महिने बघणार म्हणाले."

"म्हणजे सहा महिन्यांनी परत?"

"नाही आई. म्हणजे सहा महिन्यांनी पक्कं."

"आणि गिटार?"

"मध्ये एक जागा चुकली. घाईत. ती माझी चूक होती, गिटारची नाही." लेकीनं आईकडं बघितलं. "पुढच्या सोमवारी निघायचंय."

कानसबाईनं मान हलवली. सहा महिन्यांत कुठं कुठं जाणार, राहायची सोय काय, सोबत कोण, असे प्रश्न तिच्या तोंडाशी आले होते. त्यातला एकच तिनं विचारला, तिकडं थंडी असते का. लेक म्हणाली, काही गावांत असते. मग कानसबाई आतल्या खोलीत गेली, खुर्चीवर चढली आणि कपाटावरची मोठी बॅग खाली ओढून तिच्यावरची धूळ पुसायला लागली.