मुंबई, पुणं आणि खालचा आवाज

माझा मोठा भाऊ मुंबईत राहतो, धाकटी बहीण पुण्यात. मधली मी भिवंडीतच. लग्न होऊन गेले तीही माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे मुंबई बरी की पुणं, हा वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चालू आहे, आणि त्या शर्यतीत भिवंडीला कुणी उभंसुद्धा करत नाही.

वाद म्हणजे चेष्टाच. गणपतीला दोघं माहेरी जमले की पहिल्या चहाबरोबर सुरुवात. दादा म्हणणार, "तुमच्या पुण्यात रिक्षावाल्याला येता का विचारलं तर तो असा बघतो, जणू आपण त्याच्या मुलीला मागणी घातलीय." धाकटी म्हणणार, "निदान बघतो तरी. तुझ्या कांदिवलीत शेजारी मेला तरी लिफ्टमध्ये कळतं." मग पाणी, मग हवा, मग डासांवर घसरायचं. आमच्याकडे एप्रिलातसुद्धा पहाटे चादर लागते, हे धाकटीचं ठेवणीतलं अस्त्र. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बाबा खालून वर यायचे, केसांत कापसाचे तंतू, आणि बशीत चहा ओतत म्हणायचे, "भांडा, भांडा. दोनी शेरांत अंगावर घ्यायला कापड आमीच इनतो."

निजामपुऱ्याच्या कडेला आमचं घर. खाली बाबांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, वर आम्ही. दिवसरात्र खटाखट, पायाखालची फरशी सदा थरथरती. आमच्या घरात कुणी हळू बोलतच नाही. बोललं तर ऐकू कुणाला जाणार? धाकटी लग्न होऊन कोथरूडला गेली तेव्हा पहिल्याच महिन्यात शेजारणीने तिला दबक्या आवाजात विचारलं होतं, "तुमच्याकडे रोज भांडणं होतात का हो?" ती नवऱ्याला फक्त भाजी काय आणू विचारत होती.

गेल्या उन्हाळ्यात बाबा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आई शेजारीच कोथिंबीर निवडत बसली होती. तिला काही ऐकू आलं नाही. खाली मशीन चालू होती ना.

लूम चालवायला कुणी उरलं नव्हतं. धंदाही पूर्वीसारखा राहिला नव्हता. दादाने व्यवहार केला आणि सगळी मशीन भंगारात गेली. टेम्पोत चढवताना आई गॅलरीत उभी होती. एकेकाकडे बोट दाखवून सांगत होती, हे एक नंबर, हे दोन, ते लंगडं तीन नंबर. तीन नंबर खरंच लंगडं चालायचं. मधूनच एक ठोका गाळायचं, मग घाईने पुढचा गाठायचं. बाबांनी कितीदा खोललं, पण त्याची खोड काही गेली नाही.

खालची जागा पुठ्ठ्याचे खोके ठेवायला भाड्याने दिली. खोक्यांना आवाज नसतो. पण गल्लीतली बाकीची लूम चालूच होती, त्यामुळे आमचं घर गप्प झालंय हे चटकन जाणवायचं नाही. शुक्रवारी जाणवलं. आमच्याकडे शुक्रवारी लूमला सुट्टी. सगळी गल्ली निजते.

त्या शुक्रवारी मी आईला डबा घेऊन गेले, तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, तळहात फरशीला टेकवलेला.

"बाय, खाली कोन चालवतंय?"

"कुणी नाही, आई. खोके आहेत."

"तीन नंबर चालू हाय," ती म्हणाली. "आयक ना."

मी खाली जाऊन बघून आले. अंधार, खोके, जमिनीवर तेलाचे जुने डाग आणि मशीन उखडलेल्या जागची भोकं. वर येताना जिन्यावर थांबले आणि मीही भिंतीला हात लावून बघितला. काही नव्हतं. तरी उरलेला जिना मी पळतच चढले, हे खरं.

आईला एकटं ठेवायचं नाही, यावर तिघांचं एकमत झालं. तिथून मात्र मुंबई-पुणं पुन्हा सुरू. दादा म्हणाला, आमच्या बिल्डिंगखाली चांगला दवाखाना, मंदिर समोर. धाकटी म्हणाली, आमच्याकडे बाग, भजनीमंडळ, हवा. पावसाळाभर मुंबई, हिवाळाभर पुणं, आणि वर्षश्राद्धाला आईने निकाल द्यायचा, असं ठरलं. रडून रडून सुजलेले आम्ही त्या दिवशी त्यावर हसलोसुद्धा. माझ्याकडे येशील का, असं मी विचारलं नाही. कोण विचारणार? एक दिवसाआड पाणी, रस्त्यात खड्डे की खड्ड्यात रस्ता ते कळत नाही, दारातून चोवीस तास ट्रक. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मनातच म्हणाले. पण माझ्या घरची मागची खोली मी रंगवून घेतली. नवऱ्याला सांगितलं, ओल आली होती.

दादाकडे आई पावसाळाभर राहिली. त्याच्या समोरची जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधत होते. सकाळी ड्रिल सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. दादाला वाटायचं, आईला त्रास होत असेल. आई म्हणायची, "छान हाय, घरच्यावानी वाटतं." खालच्या आवाजाचं तिने नावही काढलं नाही. दादाने लगेच धाकटीला फोन करून सांगितलं, "बघ, मुंबईने भूत उतरवलं." मला मात्र आई हळूच म्हणाली होती, "हितं ते येत न्हाईत, बाय. एवढ्या गोंगाटात कुठून येतील?"

मग ती पुण्याला गेली. पहिल्याच दुपारी जेवणं झाली आणि सोसायटी अशी गप्प झाली की आई उठून बसली. धाकटीला म्हणाली, "लाईट कवा येनार?" डोक्यावर पंखा फिरत होता. धाकटीने तो दाखवला, तरी आईला पटेना. आमच्या गल्लीत जन्म काढलेल्या माणसाला एवढी शांतता एकाच कारणाने माहीत असते. लाईट गेली की सगळी लूम एकदम थांबतात आणि माणसं बाहेर येऊन शिव्या घालतात. आईने खिडकीतून वाकून बघितलं, शिव्या घालायला कुणी बाहेर आलंय का ते.

त्या शांततेत बाबांचं लूम चालू झालं.

धाकटीने मला ऑफिसात फोन केला. मी अंबाडी रस्त्यावरच्या एका गोडाऊनमध्ये बिलिंग बघते. फोर्कलिफ्टच्या आवाजात तिचं बोलणं नीट कळेना. घाबरली होती. "ताई, ती जमिनीला हात लावून बसते गं. हसते. काल म्हणाली, आज सूत चांगलं आलंय वाटतं, अडकत नाही."

पुणं असं हार मानणार नव्हतं. धाकटीने कानाचा मोठा डॉक्टर गाठला. त्यांनी तपासून सांगितलं, जन्मभर लूमच्या आवाजात राहून कानाच्या नसा गेल्यात, बाहेरचा आवाज पोचत नाही तेव्हा आतूनच आवाज उठतो. बहुतेकांना शिट्टी किंवा सूं-सूं ऐकू येतं. लंगडा ठोका कसा, यावर ते म्हणाले, असंही कधी कधी होतं. मग कानाचं मशीन बसवलं. बाहेरचं ऐकू यायला लागलं की आतलं दबतं, असं त्यांचं म्हणणं, आणि झालंही तसंच. आईला कुकरची शिट्टी ऐकू आली, पारवे ऐकू आले, वरच्या मजल्यावरच्या म्हातारा-म्हातारीचं बोलणंसुद्धा. धाकटीचा आनंद गगनात मावेना. दादाला तिने ऐकवलं, "याला म्हणतात पुणं!" दादा म्हणाला, "अगं, मुंबईत तर मशीनशिवायच बरी होती."

मीही खूश झाले. संध्याकाळी मुद्दाम हळू आवाजात फोनवर विचारलं, "आई, ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. "बाय, ते गेले."

"कोण?"

"तुजे बाबा. त्या वेळी मला कळलंच नव्हतं. आता कळलं."

मला रडू फुटलं. ऑफिसातून घरी जाताना रिक्षात रडले, आणि चिडलेही. कुणावर चिडायचं ते मात्र सापडेना. धाकटीवर? तिने तर आईचं भलंच केलं होतं.

वर्षश्राद्ध या उन्हाळ्यात झालं. सगळे भिवंडीला जमले. पानं उठल्यावर दादाने हात पुसत विषय काढलाच. "हं, आई. निकाल." त्याने आवाज हसरा ठेवला होता, पण मला माहीत होतं, त्याला मनातून आई हवी होती. धाकटीलाही. आणि मलाही. मी तेव्हा वाढायची भांडी उचलत होते, उगाचच सावकाश. आई 'हितंच राहते' म्हणेल असं मला अगदी शेवटपर्यंत वाटत होतं.

"पुनं," आई म्हणाली.

दादाने हात जोडले. "हरलो बुवा. हवा लागली म्हातारीला." धाकटीने त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून एकदम रडायला लागली. मी भांडी घेऊन मोरीत गेले आणि नळ सोडला. पाणी नव्हतं.

दादा संध्याकाळीच परतला. धाकटी दोन दिवस थांबली. दुसरा दिवस शुक्रवार होता. दुपारी ती सामान आणायला बाजारात गेली, गल्ली निजली, आणि घरात आई नि मी दोघीच उरलो.

मी विचारूनच टाकलं, "पुणं कशासाठी गं? खरं सांग."

तिने दाराकडे बघून घेतलं. "धाकटी हापिसला गेली का मी कानातलं मशीन काढून ठेवते. ते येतात. कोनाला सांगू नको. परत डॉक्टरकडं न्हेईल."

"इथेही येतात की. तूच म्हणायचीस."

"हितं शुक्रवारीच येतात. न्हायतर लाईट गेल्यावर." ती समजूत घालावी तशी म्हणाली, पाणी कुठे किती वेळ येतं ते सांगावं तसं. "तितं रोज येतात, बाय. दुपारभर असतात."

दादाच्या चोवीस तास पाण्याला, धाकटीच्या गार हवेला मी कायम हसत आले. पण मेलेल्या माणसाशी काय स्पर्धा करणार? तरी केली. मी म्हणाले, "आणि मी? मागची खोली रंगवून ठेवलीय मी. तुझ्यासाठी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला हे माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "तुला फोन लागतो गं. त्यांना न्हाय लागत."

"म्हणून काय..." मी सुरुवात केली. वर्षभराचं साठलेलं होतं, ते सगळं त्या दिवशी मी बोलणार होते. आईने मान जराशी खाली झुकवली, कानातलं मशीन काढलं आणि तळहात फरशीवर टेकवला.