धसकट की लोखंड?

खालापूर तालुक्यातली ती घटना निवृत्तीनंतरही मला जशीच्या तशी आठवते. गुन्हा तसा छोटा होता, पण एका माणसाची उरलेली दृष्टी आमच्या तपासावर अवलंबून होती.

चौक गावाच्या अलीकडच्या एका खेड्यातून ठाण्यात फोन आला. डोंगराच्या वाडीतल्या एका बाईने झाडपाल्याचं औषध घालून एका शेतकऱ्याचे दोन्ही डोळे घालवले, लोक तिच्या झोपडीवर चालून गेलेत. हवालदार आणि महिला शिपाई सोबत घेऊन मी निघालो. झोपडीसमोर दहा-बारा तरुण उभे होते.

"साहेब, हिनंच केलं. आमी बघितलंय!"

"काय बघितलंस रं?" मी विचारलं.

"म्हणजे... ऐकलंय."

माझा हवालदार म्हणाला, "मग कान धरून घरी जा." दोघे-तिघे हसले आणि गर्दीचा जोर ओसरला. बाईला आम्ही ठाण्यात आणलं. आधी पाणी, चहा दिला. घाबरलेला माणूस समोरच्याला हवं ते बोलतो, त्यातून तपास होत नाही.

ती म्हणाली, "भात कापल्यावर आलता तो. धसकटावर पडलो म्हनला. डाव्या डोळ्यावर पाला बांधला. उजव्याला मी हात पन नाय लावला, साहेब."

"तोंडावर, हातावर ओरखडे होते?"

"नाय. बाकी तोंड साफ हुतं."

मी शेतकऱ्याच्या घरचा. कापलेल्या भाताच्या धसकटांत तोंडावर पडलेला माणूस मला माहीत आहे. त्याचे तळहात सोलतात, गाल, नाक खरचटतं. बरोबर एका बुबुळालाच जखम होत नाही; तशी जखम टोकदार लोखंडाने होते.

शेतकरी सरकारी रुग्णालयात होता. डावा डोळा गेलेला. काही आठवड्यांनी उजवा लाल झाला होता, उजेड सोसेना, समोरचं धूसर दिसायला लागलं होतं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला, एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं, न कंटाळता समजावलं. त्यांचे उपकार मी विसरलो नाही. एका डोळ्याला आतपर्यंत जखम झाली, तर क्वचित शरीर डोळ्याच्या आतल्या भागालाच परकं समजू लागतं. मग ज्याला काहीच लागलेलं नाही, त्या दुसऱ्या डोळ्यातही दाह सुरू होतो.

"मला तीच शंका आहे," त्या म्हणाल्या. "तसं असेल तर सूज उतरवणारं जोरदार औषध आजच सुरू करायला हवं. पण हे धसकट लागलं म्हणतात. धसकटाने डोळ्यात बुरशी जाऊ शकते, आणि बुरशी असताना ते औषध दिलं तर नुकसान होईल. मला खरं कारण कळू दे."

मी त्याच्या खाटेजवळ बसलो. बायको पायथ्याशी उभी होती. मी विचारलं, तो म्हणाला, धसकट. पुन्हा विचारलं, पुन्हा धसकट. मग मी विषय बदलून घरची चौकशी केली. बहीण कुठे दिली?

"हिच्या भावाला," तो म्हणाला.

म्हणजे साटंलोटं. याची बहीण त्या घरात, त्या घरची मुलगी इथे. माझी आत्याही अशीच दिलेली होती. एका घरात भांडण झालं की दुसऱ्या घरातली सून माहेरी पाठवली जाते, हे मी लहानपणी पाहिलं होतं.

"मेव्हण्याशी कधी वाजलं?"

बायकोने मान खाली घातली.

"नाव मी नंतर लिहीन. आधी डॉक्टरांना सांग, लोखंड की धसकट?"

"साहेब, तो आत गेला तर माजी बहीण माघारी येल. मग हिला पन तिकडं धाडावं लागंल. पोरं ल्हान हायत."

"आणि हा डोळा गेला तर? पोरं मोठी झालेली दिसतील तुला?"

उत्तर बायकोने दिलं. "सांगा वो. माजा भाऊ हाय, तरी सांगते मी. सांगा."

"आर हुती," तो म्हणाला. आर म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या टोकाचा खिळा. बैलगाडीच्या शर्यतीत तिला बंदी आहे. मेव्हणा सरावाच्या वेळी ती बैलाला टोचत होता, याने काठी धरली, ओढाताणीत मेव्हण्याने रागाने हिसका मारला आणि खिळा डोळ्यात गेला.

औषध त्याच दिवशी सुरू झालं. बाईला आम्ही गाडीने वाडीवर सोडलं आणि त्या तरुणांना बोलावून, तिचा काही दोष नाही हे तिच्यासमोर सांगितलं. मेव्हण्यावर गुन्हा नोंदवला. तो माझ्या मर्जीचा प्रश्न नव्हता.

दोन दिवसांनी शेतकऱ्याचा जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो, तेव्हा बायकोचा बाप तिला न्यायला आला होता. "चल गं घरी. आपल्या पोराला यांनी आत घातला."

तिच्या हातात थेंबांची बाटली होती. "बाबा, तुमी जावा. मी गेले तर यांच्या डोळ्यात औषध कोन घालील?"

म्हातारा खाटेजवळ आला. मग त्याने जावयाची मान आधाराने मागे धरली, आणि लेकीने थेंब सोडला.

उजव्या डोळ्याची दृष्टी बरीचशी वाचली. त्याची बहीणही सासरीच राहिली. कोणी केलं, हे विचारायला आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. या प्रकरणानंतर मी त्याआधी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: खरं बोललास तर तुझं काय जाईल? बहुतेक वेळा माणूस त्या भीतीपायी खोटं बोलत असतो. आणि ज्यांच्या जाण्याची त्याला भीती असते, त्या माणसांना, तुम्ही खरंच जाल का, असं कोणी विचारलेलंच नसतं.